एक हेडफोन, एक वाडी आणि फुलेरा

आधी हेडफोन. गेल्या दिवाळीच्या बोनसमधला मोठा तुकडा मी नॉइज कॅन्सलिंग हेडफोनवर उडवला. कारण सरळ आहे. पुण्यातला आमचा फ्लॅट लहान. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो, आणि माझ्या टेबलाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला आजीचा टीव्ही. कोडमधला बग सापडायच्या आधी मालिकेतल्या सासूचं कारस्थान मला कळायला लागलं, तेव्हा म्हटलं, आता पुरे.

वस्तू झकास आहे, यात वाद नाही. तत्त्व कॉलेजात शिकलेलंच: बारीक माइकने बाहेरचा आवाज पकडायचा, त्याच्या बरोब्बर उलटी लहर आत सोडायची, दोन्ही एकमेकींना खातात. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली, आणि वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. तुमच्याआमच्यासारख्यांसाठीचा तर २००० मध्ये आला. (दर दोन आठवड्यांनी "झालं का?" विचारणाऱ्या मॅनेजर लोकांनी कृपया नोंद घ्यावी.)

पण एक मेख आहे. पंखा, फ्रिज, विमानाचं इंजिन असे एकसुरी, खर्जातले आवाज हे यंत्र गिळून टाकतं. माणसाचा आवाज सतत बदलतो आणि त्यातले वरचे सूर इतके भराभर हलतात की उलटी लहर वेळेवर जुळवणं अवघड. तिथे मुख्य काम करते ती कानावरची जाड गादी. त्यामुळे नुसता हेडफोन घातला तर आजीची हाक पुसटशी का होईना, येते. वर गाणं लावलं की गायब.

आजी ८१ वर्षांची आहे. पहिले दोन-तीन आठवडे तिने हाका मारल्या. मग उठून येऊन खांद्याला हात लावायला लागली. मी दचकायचो, आणि दचकल्यावर माझा चेहरा काही फार गोड होत नसणार. महिन्याभराने लक्षात आलं की ती आता मला मिस्ड कॉल देते. शेजारच्या खोलीतून! घरातले सगळे पोट धरून हसलो. मित्रांनाही मी हा किस्सा रंगवून सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना मात्र कसंसंच झालं.

त्याच सुमारास मी तिला रविवारी दुपारी 'बनगरवाडी' वाचून दाखवत होतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं लांबतंय, त्यामुळे वाचन बंद. तिचं माहेर आटपाडीकडचं, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्याच मुलखातलं. मी एखादा शब्द शहरी थाटात उच्चारला की लगेच, "असं नसतं म्हणत रे," करून दुरुस्ती.

ही कादंबरी १९५५ सालची. मी ती दहावीच्या सुट्टीत वाचली होती आणि तेव्हा ती 'दुष्काळाची गोष्ट' म्हणून डोक्यात एका खणात ठेवून दिली होती. आता वाचताना वाटलं, अरे, ही तर पहिल्या नोकरीची गोष्ट आहे! कोवळ्या वयाचा राजाराम सौंदणीकर, औंध संस्थानातली मास्तरकी, धनगरांची आडवळणाची वाडी, ओळखीचं कुणी नाही. त्याचं काम काय, तर पोरांना शिकवणं. पण लोक त्याच्याकडे सगळंच घेऊन येतात. भांडणं, व्यवहार, तक्रारी. 'हे माझ्या कामात बसत नाही' असं म्हणायची सोयच नाही.

राम देशमुखांनी १९५८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाचं नाव आहे 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. भिंती नसलेलं गाव. मला हे नाव पूर्वी उगाच काव्यात्म वाटायचं. आता वाटतं, अगदी नेमकं आहे, आणि ते कौतुक म्हणून घ्यायची गरज नाही. भिंती नाहीत म्हणूनच वाडी मास्तरला आपला मानते, आणि भिंती नाहीत म्हणूनच कारभाऱ्याच्या मुलीवरून संशयाला जागा होते आणि ज्याच्या आधारावर तो तिथे टिकला तो कारभारीच अबोला धरतो. माडगूळकर यातलं काहीच गोड करून सांगत नाहीत. ज्या तालमीसाठी मास्तरने सगळ्या वाडीला कामाला लावलं, ती बांधून होते, आणि मग पाऊस दडी मारतो. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. इथे आजी म्हणाली, "थांब जरा." मी थांबलो. बराच वेळ ती काही बोलली नाही.

आता 'पंचायत'. पहिला सीझन आला एप्रिल २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना. इंजिनियर अभिषेक त्रिपाठी उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात ग्रामपंचायतीचा सचिव होतो आणि ऑफिसातच राहतो. म्हणजे वर्क फ्रॉम होमच, फक्त उलट्या दिशेने. त्याला हवं काय, तर रात्री कॅटचा अभ्यास करायला दिवा आणि शांतता. दिव्यासाठी तो सोलर लाइटच्या वाटपात डोकं घालतो, आणि शांतता तर मिळतच नाही. दार वाजतंय. विकास आलाय, प्रल्हाद आलाय, प्रधानजी भोपळा घेऊन आलेत. पहिल्या सीझनची सगळी मजा या दार वाजण्यात आहे, असं माझं मत. दुसऱ्याचा शेवट त्याच प्रल्हादवर येऊन कोसळतो तेव्हा तो इतका लागतो, कारण तोवर तो आपलंही दार वाजवून गेलेला असतो.

तिसऱ्यापासून (२०२४) मात्र आमदार, गोळीबार, आणि चौथ्यात (२०२५) निवडणूकच निवडणूक. कामं उत्तमच आहेत, नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांच्याबद्दल आपण काय बोलणार. पण कथा बैठकीतून उठून सभेत गेली.

या दोन्हींबद्दल ऑफिसात एकच प्रतिक्रिया ऐकतो: "किती शांत आयुष्य ना यार, सगळं सोडून गावी जावं." मला हे पटत नाही. यातल्या कुठल्याच गावात शांतता नाही! कुणी कुणाला पाच मिनिटं एकटं सोडत नाही. आपल्याला जे गाव हवंय ते म्हणजे मोठ्या आकाराचा हेडफोन आहे. झाडं दिसावीत, माणसं ऐकू येऊ नयेत. मीही त्यातलाच आहे, म्हणून तर बोनस उडवला.

हेडफोन विकणार का? छे! दहा ते सहा वापरतोच. फक्त टेबल फिरवून घेतलंय, आता माझं तोंड आजीच्या खोलीकडे असतं. तिने हात हलवला की दिसतो.

'पंचायत'चा चौथा सीझन आम्ही दोघांनी मिळून पाहिला, टीव्हीवर, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात. तिला हिंदी जेमतेम कळतं आणि दर दोन मिनिटांनी "हा कोण? मघाचाच का?" असा प्रश्न येतो. मग पॉज करायचं, आधीचे तीन सीझन थोडक्यात सांगायचे, आणि पुन्हा प्ले. आठ भागांना तीन वीकांत लागले.