जबडा म्हणजे पेन्सिल नव्हे!

मंडळी, आजचं लिखाण जरा तिखट आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या वाळूजमध्ये एमआयडीसीत कामाला आलेल्या पोरापोरींच्या मोबाईलवर हल्ली जाहिराती येतात... जबडा बारीक करा, चेहरा निमुळता करा. वर म्हणे 'छोटीशी प्रक्रिया'! अहो, यात पूर्ण भूल देऊन हाड कापतात.

पेन्सिलीत शिसं असतं तशी खालच्या जबड्याच्या हाडातून नस जाते. तिला इजा झाली की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. बऱ्याच जणांचं बधिरपण काही महिन्यांत जातं, काहींचं कायमचं राहतं. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही. हाड जास्त कापलं गेलं, दोन बाजू कमीजास्त झाल्या, तर दुसरं ऑपरेशन. कापलेलं हाड काही परत उगवत नाही.

आणि रक्तस्राव? दक्षिण कोरियात अशा ऑपरेशनांचं पेवच फुटलं. २०१६ साली सोलमध्ये एका कॉलेजच्या मुलाचा जबडा असाच कमी केला. डॉक्टर त्याच वेळी इतर पेशंटकडेही जात होते. काही वेळ रक्त दाबून धरायला एकटी सहाय्यक उरली. ४९ दिवसांनी मुलगा गेला. त्याच्या आईनं थिएटरमधलं सीसीटीव्ही चित्रण शेकडो वेळा पाहून पुरावा उभा केला. २०२१ मध्ये मुख्य डॉक्टरला तुरुंगवासाची शिक्षा झाली. थिएटरात कॅमेरे बसवण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला, २०२३ पासून तो लागू आहे.

"ज्याचा चेहरा, त्याचा पैसा. तुमचं काय जातं, सर?" असं कुणी म्हणेल. सज्ञान माणसाच्या मर्जीला माझा विरोध नाही. अपघात, कर्करोग, जन्मजात व्यंग यांसाठी जबड्याची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांना तर माझा दंडवत! पण मर्जी म्हणायची कशाला? धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्येच समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. इंग्रजी कागद थिएटरच्या दारात पुढे करून "इथे सही करा" म्हणणं, ही कसली संमती? शाळेच्या सहलीची चिठ्ठीसुद्धा आम्ही पालकांना आठ दिवस आधी द्यायचो, आणि मराठीत!

मागणी साधी आहे. काही दिवस आधी, घरी नेऊन वाचायला मराठी कागद द्या. चाकू कोण धरणार, भूल कोण देणार, रक्ताची सोय काय, बधिरपण राहिलं तर पुढे काय, हे सगळं त्यात हवं.

एवढं द्यायला जो कुरकुर करेल, त्याच्या दारात आपला जबडा नेऊ नये. भाचरांना, नातवंडांनाही हे वाचून दाखवा.