भरती झाली, पुढे काय?

खालापूर तालुक्यातील चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या गावाला सीमा म्हणजे पंजाब-काश्मीरची, दूरची गोष्ट वाटावी. परंतु रायगड जिल्ह्याची पश्चिम बाजू ही देशाची सीमाच आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्यांत वर्दीतले लोकही होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. सीमा राखतात ती शेवटी माणसेच.

त्या माणसांत स्त्रिया कशाला, हा प्रश्न अजूनही दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर पंजाबात मिळाले. तारेच्या कुंपणापलीकडे ज्यांची शेते, त्या शेतकरी स्त्रियांची झडती पुरुष जवानांनी घ्यावी कशी? या अडचणीतूनच २००९ मध्ये सीमा सुरक्षा दलाची महिला शिपायांची पहिली तुकडी सीमेवर उभी राहिली. ती मेहेरबानी नव्हती, दलाची गरज होती. कोकण किनाऱ्यावरही गावातली बित्तंबातमी कोळणींना जितकी असते, तितकी कोणाला असणार? त्या ती कोणापाशी मोकळेपणाने बोलतील?

२०१६ मध्ये केंद्राने सीमेवरील दलांत शिपायांच्या १४ ते १५ टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या. तरीही २०२४ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत स्त्रिया पाच टक्क्यांच्या आतच होत्या. मुली कमी पडतात, असे नव्हे. साडेआठ मिनिटांत १६०० मीटर धावण्याचा सराव खेड्यापाड्यांतील मुली पहाटे उठून करीतच आहेत. खरी परीक्षा भरतीनंतर, बहुधा लग्नानंतर सुरू होते. दूरची नेमणूक, स्वच्छतागृहाची वानवा, तान्हे मूल. केंद्रीय सेवेतील स्त्रीला २००८ पासून अपत्यसंगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा आहे खरी. पण ती हक्काने मागता येत नाही, वरिष्ठांनी मंजूर करावी लागते. महाराष्ट्र पोलिसांनी २०२२ मध्ये महिलांची बारा तासांची ड्युटी आठ तासांवर आणण्याचे ठरवले, हा शहाणपणा उशिरा का होईना सुचला.

शासनाला धारेवर धरणे सोपे. मुलीची निवड झाली म्हणून पेढे वाटणारा समाज सुनेला मात्र ‘बदली करून घे, नाहीतर सोडून दे’ म्हणतो, त्याचे काय? कर्जत-खालापुरात निवड झालेल्या मुलींचे सत्कार अवश्य व्हावेत. लग्न झालेली असेल, तर तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंनाही व्यासपीठावर बोलवावे, आणि मूल कोण सांभाळणार, हे शाल-श्रीफळ देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.