आत्याचा रस्ता

वर्षभर दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते, आणि जागा संपली म्हणून बोलणे अर्ध्यावर टाकून मला उठावे लागते. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात. तेव्हा आज ऐसपैस बसून आमच्या आत्याची हकीकत सांगतो. फराळाचे ताट शेजारी घ्या आणि ऐका.

आत्या फैजपूरची. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या दिवाळीला ती आमच्याकडे पुण्याला आली आणि तीही एकटी आली. एका हातात पिशवी, पिशवीत बामणोदची भरिताची वांगी, कळण्याचे पीठ आणि केळीचे वेफर. मी स्टँडवर उतरवून घ्यायला गेलो तर बाईसाहेब माझ्या आधीच उतरून कंडक्टरला वांगी भाजायची रीत सांगत उभ्या होत्या.

"आत्या, तिकिटाला किती पडले ग?"

"तिकीट कशाचं रे भाऊ? मले फुकट!" ती ऐटीत म्हणाली.

खरेच आहे. २०२२ सालच्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीत तिकीट लागत नाही, आणि २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना निम्मे भाडे पडते. १९४८ च्या जून महिन्यात नगर ते पुणे अशी जी पहिली एसटी निघाली, तिने पुढे खेड्यापाड्यांतल्या माणसांना किती लांबवर नेऊन पोहोचवले याचा हिशेब मांडायचा तर आमच्या आत्यापासून सुरुवात करावी. चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास तिने कोणाचेही बोट न धरता केला.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वीस मीटरांनी तिला हरवले.

त्याचे असे झाले. आमच्या इमारतीसमोर मोठा रस्ता आहे आणि रस्त्याच्या पलीकडे मारुतीचे देऊळ. आंघोळ आटोपून, जास्वंदीची चार फुले ताटलीत घेऊन आत्या म्हणाली, "जरा देवळात जाऊन येते." फैजपूरला खंडोबाच्या देवळात जायचा तिचा नेम, तेव्हा येथेही तो चालू राहावा यात नवल नव्हते. मी वर्तमानपत्रात डोके घातले. पाऊण तास झाला तरी आत्या नाही. खाली जाऊन पाहतो तो ती फाटकाशीच उभी. ताटली हातात तशीच, फुले कोमेजलेली.

"काय ग, गेली नाहीस?"

"गाड्या थांबतीन म्हणून उभी राह्यली रे भाऊ. थांबतच नाही त्या."

माझ्या चिरंजीवांना ही अडचण फारच सोपी वाटली. "आजी, मी तुला गाडीतून सोडतो की!" म्हणून त्यांनी आजीला गाडीत बसवले. रस्त्याला मध्ये दुभाजक. गाडी वळायची तर पुढच्या पुलाखालून वळावी लागते. तेथे वळून, उलट दिशेची रांग ओलांडून ते देवळापर्यंत आले तेव्हा वीस मीटरांचे दोन किलोमीटर झाले होते आणि देवळापुढे गाडी उभी करायला जागा नव्हती. आजीने गाडीतूनच मारुतीला हात जोडले आणि दोघे परत आली. मारुतीने समुद्र ओलांडला होता. आमच्या दारापुढचा रस्ता त्यालाही जड गेला असता.

त्यानंतर दोन दिवस आत्या खिडकीशी बसून होती. चकली गोड लागेना, चिवड्यात मीठ आहे की नाही ते सांगेना. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "मले काय घरात बसाले आनलं का रे? भाऊबीज झाली का मी चालली."

वाचकहो, हे वाक्य माझ्या वर्मी लागले. जी बाई गावात मनात येईल तेव्हा बाजारात जाते, केळीच्या बागेत जाते, मनात आले तर एसटीत बसून सावद्याला मैत्रिणीकडे जाते, ती माझ्या घरी आल्याबरोबर परावलंबी झाली. गुडघे तेच, डोळे तेच. गाव तेवढे बदलले. एरवी आपण म्हणतो, आता म्हातारपण आले, बाहेर जाववत नाही. त्यातले म्हातारपण किती आणि रस्ता किती, हे कोणी वेगळे करून पाहिले आहे काय?

मी पाहायचे ठरवले. पहाटे रहदारी नव्हती तेव्हा रस्ता पावलांनी मोजला. वीस मीटर भरला. पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडायला किती वेळ द्यावा याचा हिशेब करताना जाणकार मंडळी माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरतात. म्हणजे वीस मीटरांना सतरा सेकंद. इंग्लंडात पासष्टीपुढच्या हजारो माणसांची चाल मोजून लंडनच्या संशोधकांनी २०१२ साली असे दाखवले की, त्यांतल्या बहुतेकांना हा वेग जमतच नाही. पुरुषांची सरासरी ०.९ मीटर आणि बायकांची ०.८. या चालीने आत्याला पंचवीस सेकंद हवेत. आमच्या चौकातला पायी माणसाचा हिरवा दिवा मी घड्याळ लावून पाहिला. पंधरा सेकंद! हा दिवा ज्या कोणासाठी लावला असेल, तो माणूस चालणारा नसून पळणारा असला पाहिजे.

शिवाय त्या चौकापर्यंत पोहोचायचे तरी कसे? मी आत्याच्या जागी स्वतःला ठेवून फुटपाथने निघालो. पहिल्याच वळणावर विजेची पेटी. तिला वळसा घातला तर पुढे नारळवाल्याची गाडी. मग उखडलेल्या फरश्या. मग फुटपाथवर चढवून ओळीने उभ्या केलेल्या मोटारी. प्रत्येक मोटारीपाशी रस्त्यात उतरायचे, भोंगे ऐकायचे, पुन्हा चढायचे. मनातल्या मनात मी त्या गाडीवाल्यांचा उद्धार करीत चाललो होतो. तिसऱ्या मोटारीपाशी आलो आणि शिवी ओठांवरच राहिली. मागच्या काचेवरचा गणपती ओळखीचा होता. ती मोटार माझीच होती.

आवारातल्या जागेचे भाडे वाचावे म्हणून गेली सहा वर्षे मी गाडी तेथे लावत होतो. आत्याला खिडकीशी बसवणाऱ्यांत तिचा भाचा पहिला.

आता जरा मागे जातो. चाळीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून मी फैजपूरहून पुण्यास आलो तेव्हा एक पत्र्याची ट्रंक आणि एक सायकल एवढीच माझी इस्टेट होती. पुणे तेव्हाही सायकलींचे शहर म्हणून मिरवत होते. कॉलेजची पोरे सायकलवर, मास्तर सायकलवर, बँकेतले कारकून सायकलवर. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा नुसता लोंढा येई. डबलसीट गेले आणि पोलीस दिसला की मागच्याने टुणकन उडी मारून पादचारी व्हायचे, ही आमची शिस्त. नोकरी लागली तशी सायकलची स्कूटर झाली. मुले झाली तशी स्कूटरची मोटार झाली. प्रत्येक पायरी चढताना पेढे वाटले. आपण वर चढतो आहोत तो रस्ता कोणाच्या पायाखालचा काढून घेतो आहोत, हे ध्यानातही आले नाही. माझ्यासारखे लाखो निघाले. २०१८ साली बातमी आली की पुण्यातल्या वाहनांची नोंद छत्तीस लाखांवर जाऊन माणसांच्या संख्येलाही मागे टाकून गेली आहे. सायकलींच्या शहराने केवढी प्रगती केली म्हणावी!

पण शहर अगदीच झोपले आहे असेही नव्हे, हे कबूल केले पाहिजे. २००६ च्या डिसेंबरात बसगाड्यांसाठी वेगळी वाट राखायचा प्रयोग येथे स्वारगेट-कात्रज रस्त्यावर झाला. २०१६ साली पायी चालणाऱ्यांसाठी धोरण ठरले. जंगली महाराज रस्त्यावरचा फुटपाथ रुंद केला, तर आता तेथे आजोबा नातवंडांना घेऊन बाकावर बसलेले दिसतात. २०२२ च्या मार्चपासून मेट्रो धावू लागली. आणि २०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा झाला. पण वर्षातला एक दिवस पायी माणसाचा म्हटला की उरलेले तीनशे चौसष्ट कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, मोटारी वाढायच्याच, काळाचा महिमा आहे. हॉलंडातही असेच म्हणत. आज सायकलींचे माहेरघर म्हणून आपण त्या देशाकडे पाहतो, पण लढाईनंतर तेथेही मोटारींचे पीक आले होते. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यात चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन बसले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. पुढे तेलाचे भाव कडाडले आणि सरकारलाही ऐकणे भाग पडले. तेथल्या सायकलच्या वाटा काही हवापाण्यामुळे उगवलेल्या नाहीत. माणसे जमली, म्हणून त्या झाल्या.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले. आत्याला ते उपजत होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती पुन्हा ताटली घेऊन निघाली. मी मुकाट्याने मागे गेलो. फाटकाशी थोडा वेळ उभी राहून तिने इकडेतिकडे पाहिले. शेजारी एक शाळकरी मुलगी क्लासला जायला खोळंबली होती. दोन धुणेभांडीवाल्या बाया होत्या. एक सायकल हातात धरून दूधवाला होता. काठी टेकत एक गृहस्थ होते. ते म्हणे रोज असेच उभे राहतात. प्रत्येक जण आपापल्या फटीची वाट पाहत होता. आत्याने एकेकाला हाक मारून गोळा केले. मुलीचा हात धरला, ताटली उंच केली आणि म्हणाली, "चला रे सारे! एकेकटे कशाला मरता?"

आणि काय आश्चर्य, गाड्या थांबल्या! एक माणूस आडवा आला की मोटारवाल्याला तो व्यत्यय वाटतो. आठ माणसे आली की ती रहदारी होते. पलीकडे पोहोचल्यावर काठीवाल्या गृहस्थांनी आत्याला नमस्कार केला. दूधवाला म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं, आजी?"

देवळाच्या पायरीवर बसून मी तिला विचारले, "हे तुला सुचले कसे?"

"तुया आजोबानं सांगतलं नव्हतं का? मनमाडचे लोक?"

मला एकदम आठवले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. जवाहरलाल अध्यक्ष. त्यासाठी साने गुरुजींनी खानदेशातली गावे पायी पालथी घातली. नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांची नगरी सजवली. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. पाण्याचे हंडे वाहायला होते. थोरामोठ्यांची भाषणे ते पुढे विसरले, पण एक गोष्ट मरेपर्यंत सांगत. त्याच वेळी तेथे किसान सभा भरली होती आणि तिच्यासाठी पाचशे शेतकरी मनमाडहून चालत आले होते. गावोगाव आपले म्हणणे सांगत, दोनशे मैलांहून अधिक चाल करून. त्यांच्या स्वागताला खुद्द जवाहरलाल पुढे आले. आजोबा म्हणत, "एकटादुकटा आला असता तर त्याले कोनी पानी तरी विचारलं असतं का?"

आता फैजपूर म्हणजे वैकुंठ आहे असे मी म्हणत नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावाला चाटून जातो, केळीचे ट्रक दिवसरात्र धावतात आणि फटफट्यांचा सुळसुळाट तेथेही झाला आहे. आत्याच सांगते की तिकडेही हल्ली जपून चालावे लागते. म्हणूनच पुण्याची चूक गिरवायच्या आधी लहान गावांनी आमच्याकडे एकदा नीट पाहून घ्यावे.

पाडव्याच्या पहाटे आम्ही दोघे पीएमपीच्या बसने सारसबागेत गेलो. चालण्याची, थांब्यावर उभे राहण्याची सवय गेलेली. माझीच हो, तिची नव्हे. बसमध्ये तिला एका मुलाने उठून जागा दिली. स्वारगेट येईपर्यंत तिने त्याचे गाव, शिक्षण आणि लग्नाचा विचार एवढे सगळे काढून घेतले होते. मोटारीतून मी त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे गेलो, पण शेजारच्या गाडीतल्या माणसाचे नाव मला कधी कळले नाही. बागेत दिव्यांच्या ओळी पाहून ती म्हणाली, "आता दिवाळी वाटली रे भाऊ." भाऊबिजेनंतर जायचे म्हणणारी आत्या तुळशीच्या लग्नापर्यंत राहिली.

माझ्यात फार मोठी क्रांती झाली असे समजू नका. मोटार अजून आहे. पण ती आता आवारात भाडे भरून उभी असते आणि कचेरीला मी आठवड्यातून तीनदा बसने जातो. तिच्या जागी फुटपाथवर दुसऱ्याच कोणाची गाडी चढू पाहत होती, तेव्हा काठीवाले गृहस्थ आणि मी मिळून त्यांना हात जोडले. नंतर चौकातल्या दिव्याची वेळ वाढवून मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला. त्यावर त्रेचाळीस सह्या आहेत. पहिली सही दूधवाल्याची आहे. उत्तर अजून यायचे आहे. आम्ही पुन्हा जाणार आहोत आणि एकेकटे जाणार नाही.

परवा आत्याचा फोन आला. "यंदा येऊ का रे?" म्हणाली. मी म्हटले, "ये ना! मारुती वाट पाहतो आहे."

"मारुतीचं राहू दे. त्या दिव्याचं काय झालं, ते सांग."

वाचकहो, यंदा पणत्या लावाल तेव्हा एक दारासमोरच्या फुटपाथवरही ठेवा. तेथे पणती ठेवण्याइतकी जागा आहे की नाही, एवढे तरी त्या निमित्ताने कळेल. दिवाळीच्या शुभेच्छा!