पऱ्हाटीचे आरमार

अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलची युद्धनौका तुम्ही पाहिली असेल. मीही एक पाहिली. चंदेरी कागद, लुकलुकणारे दिवे, आणि तोफा इतक्या लांब की त्यांच्या भाराने खरे जहाज कलंडलेच असते. "प्रमाण काय?" असे विचारताच बनवणारा गप्प. बक्षीस मात्र तिलाच मिळाले! माझे स्पष्ट मत आहे की जिला प्रमाण नाही, ती शोभेची वस्तू. विज्ञानाच्या टेबलावर तिचे काम नाही.

नौकायुद्धाचे खेळ खेळणाऱ्यांत १:१२०० हे प्रमाण रूढ आहे. १ सेंटिमीटर म्हणजे १२ मीटर. आपली पहिली 'विक्रांत' सुमारे २१३ मीटर लांब होती. ती येथे पावणेअठरा सेंटिमीटर भरते. ३० मीटरचे शिडाचे जहाज तर अवघे अडीच सेंटिमीटर. पण त्यामुळेच ९ मीटरच्या वर्गात जवळजवळ ११ किलोमीटर समुद्र मावतो. ज्यांच्यापासून खरा समुद्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे, त्या वऱ्हाडातील मुलांना आणखी काय हवे?

साहित्यही घरचेच. वाळलेल्या पऱ्हाटीचा तुकडा तळाशी सपाट करा, उदबत्तीच्या काडीची डोलकाठी लावा, कागदाचे शीड चिकटवा. पाण्याखालचा भाग करू नका. जहाज फरशीवर ठेवायचे आहे. (ब्लेड चालवताना मोठे माणूस जवळ असू द्या.)

आता खांदेरीची लढाई मांडा. १६७९ साली मुंबईच्या दक्षिणेस, थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला मराठी आरमार चालून गेले व 'डव्ह' ही इंग्रजांची गुराब पकडली गेली. एवढे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच दिवशी 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने तोफांच्या जोरावर मराठी नौकांना मागे रेटले, हे सहसा सांगत नाही. आणि तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली! वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री नाकेबंदीतून बेटावर सामान पोचवीत राहिल्या.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? हे पुस्तकापेक्षा फरशी लवकर सांगते. ऑर्म या १८ व्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे की चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत ताशी ४ मैल जाई. म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ मीटर. आपल्या फरशीवर ९ सेंटिमीटर. एक डाव एक मिनिटाचा धरा. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ६५ अंशांहून जवळ जाऊ शकत नाही; तेव्हा कंपासपेटीतला कोनमापक काढा. वारा पडला की ते जागच्या जागी, गलबत मात्र ९ सेंटिमीटर पुढे. वारा सुटला की पारडे फिरते. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुले येथे भागाकारावरून भांडतील, याची मला खात्री आहे.

काही शिक्षक विचारतील, युद्धाचा खेळ मुलांच्या हाती कशाला? शंका रास्त आहे. पण १९४२ पासून लिव्हरपूल येथे ब्रिटिश नौदलातील तरुण मुली खडूने आखलेल्या जमिनीवर लाकडी जहाजे सरकवून पाणबुड्यांशी लढण्याचे डावपेच तपासत होत्या. तो खेळ व्यापारी जहाजे वाचवण्यासाठी होता. आपली 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, १९४ जणांसह. १:१२०० मध्ये ती ८ सेंटिमीटरची. तो तुकडा फरशीवरून उचलून बाजूला ठेवताना वर्गात कोणी हसणार नाही.

खांदेरी दोनदा खेळा, एकदा वाऱ्यात, एकदा वारा पडल्यावर. दोन्ही निकाल वहीत लिहा, न आवडलेलासुद्धा.