जिवंतपणी बोलावयाचे शब्द

28 जानेवारी 2026 रोजी बारामती येथे झालेल्या विमान अपघातात महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार आणि त्यांच्यासमवेतच्या चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यावर टीका केली होती, त्यांनीही त्यांच्या वक्तशीरपणाचे व पहाटेच कामाला लागण्याच्या सवयीचे मोकळ्या मनाने कौतुक केले. हे गुण काही त्या दिवशी जन्मास आले नव्हते. मग ते बोलून दाखविण्यासाठी मरणाची वाट का पाहावी लागावी?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांनी शब्दांचे घाव जवळून पाहिले आहेत. एप्रिल 2013 मध्ये, दुष्काळाच्या ऐन झळांत, इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथील सभेत अजित पवार यांनी धरणाच्या पाण्यासाठी उपोषणास बसलेल्या सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची असभ्य शब्दांत थट्टा केली. सभेत हशा पिकला; राज्यभर मात्र संताप उसळला. त्यांनी क्षमा मागितली आणि 14 एप्रिल रोजी कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. एका वाक्यासाठी एवढे प्रायश्चित्त घेणारे पुढारी आपल्याकडे फारसे आढळत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या हशात सामील झालेल्या श्रोत्यांना मात्र कोणीच काही विचारले नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजया समोरासमोर उभ्या ठाकल्या. त्या धामधुमीत ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्या तोंडून ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा भेद निघाला. त्याविषयी विचारले असता सुनेत्राताईंचे डोळे भरून आले. शरद पवार यांनी पुढे खुलासाही केला. परंतु लग्न होऊन सासरी आलेल्या कोणत्या स्त्रीला तो शब्द लागला नसेल? सुप्रियाताई 1 लाख 58 हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अजित पवार यांनी बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करणे ही चूक होती, राजकारण घरात शिरू द्यावयास नको होते, अशी कबुली दिली.

कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण परनिंदेचे बारकाईने वर्गीकरण करते. पुराव्यावाचून दुसऱ्यास दोषी मानणे, योग्य कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष इतरांना सांगणे आणि खोटे सांगून त्याची अब्रू घालविणे, या तिन्ही गोष्टी ती पाप मानते. आपली खरी अडचण दुसऱ्या प्रकाराची आहे. ‘मी खोटे थोडेच बोललो?’ असे म्हणून आपण सुटका करून घेतो. घरातील गाऱ्हाणे चावडीवर नेणाराही बहुधा खरेच बोलत असतो! पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर 2020 मध्ये, जग साथीने हैराण झालेले असताना, कुटाळकी ही कोविडपेक्षाही वाईट साथ असल्याचे म्हटले होते.

तथापि, गोड बोलणे म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक करणे नव्हे. पाण्यासाठी उपाशी बसलेल्या शेतकऱ्याची मागणी रास्त होती, आणि सत्ताधाऱ्यांना जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. प्रभू येशूनेही दांभिकांची गय केली नाही. पण बंधूने अपराध केल्यास प्रथम त्याला एकांतात गाठून समजावण्याची रीत त्यानेच घालून दिली. धोरणावर टीका अवश्य व्हावी. ती करताना माणसाचे जन्म, कूळ, शरीर यांना हात घालू नये. ज्या बारामतीत कवी मोरोपंतांचे वास्तव्य होते, तेथे तरी शब्दांची किंमत समजावून सांगण्याची गरज पडू नये.

सर्वांत कठीण असते ते भावकीत व गावकीत. साखर कारखान्याची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक महिन्याभरात संपते. अबोला मात्र लग्नकार्यातही सुटत नाही.

7 मे 2024 रोजी, मतदानाच्या दिवशी, सुप्रियाताई काटेवाडीतील अजित पवार यांच्या घरी गेल्या आणि आशाकाकींना भेटून आल्या. हे माझ्या काका-काकींचे घर आहे, असे त्यांनी सांगितले. त्या भेटीतही अनेकांनी राजकारण शोधले. ते असेलही. तरी मतदान सुरू असताना, ज्या घरातील सुनेविरुद्ध त्या लढत होत्या, त्याच घराला त्यांनी आपले म्हटले.