गुन्हेपटांचे जतन

गुन्हेपट म्हणजे दोन घटकांची करमणूक, अशी सुशिक्षितांची समजूत असते. दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश गुन्हेपट ती खोटी ठरवितात. रॉबर्ट हॅमर यांच्या ‘इट ऑल्वेज रेन्स ऑन संडे’ (१९४७) या चित्रपटात तुरुंगातून पळालेला कैदी पूर्व लंडनमधील एका कष्टकरी घरात आश्रय घेतो आणि त्या निमित्ताने युद्ध जिंकलेल्या राष्ट्राचे रेशन, चणचण व घुसमट पडद्यावर येते. ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मधील खलनायक भेसळीच्या पेनिसिलिनचा काळा बाजार करतो. करमणुकीच्या ओघात त्या काळाची साक्षच येथे नोंदली गेली आहे.

हे चित्रपट आज पाहता येतात, याचे श्रेय तेथील राष्ट्रीय संग्रहालयाला आहे. तसेच आधी कॅसेट आणि मग डिस्क विकत घेऊन घरचे कपाट भरणाऱ्या रसिकांनाही आहे.

महाराष्ट्रातील स्थिती काय आहे? राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून (१९६४) हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. नक्कल घरोघरी पोहोचली, मूळ कृती मागे पडली. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात १९२५ साली काढलेल्या ‘सावकारी पाश’ची तर प्रतही उरलेली नाही. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा! पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. पुढे २००३ च्या आगीत अनेक जुन्या फिती भस्मसात झाल्या.

मोबाइलवर सारे मिळते, असे आता म्हटले जाते. परंतु तेथील चित्रपट मालकाच्या मर्जीने येतो आणि जातो. कपाटातील प्रत कोणी काढून नेत नाही. ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचे बंधन प्रकाशकावर १९५४ च्या कायद्याने आहे. चित्रपट संग्रहालयाला प्रत देण्याचे तसेच बंधन निर्मात्यांवर घालण्यास काय हरकत आहे? शिवाय १९६७ च्या कायद्यान्वये शासन सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान देते. जुन्या मराठी चित्रपटांच्या अधिकृत प्रती त्यातून घेण्याची तरतूद झाली, तर गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावीही शिक्षकांना व विद्यार्थ्यांना त्या पाहता येतील. ज्या जिल्ह्यात ‘सावकारी पाश’ जन्मला, तेथे तो कोणालाच पाहता येत नाही. उरलेल्यांवर तीच पाळी येऊ देणे अक्षम्य ठरेल.