बेअरिंगं मोजू नका, स्क्रू मोजा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "हिवाळ्यात मणिबेलीकडे, सरदार सरोवरात गळ टाकायला जायचं ठरतंय. लो-प्रोफाइल बेटकास्टर घ्यायचाय. टिकाऊ हवा. कुठला घेऊ?" तिघंही आपल्याच धंद्यातले. तिघांनी अमेरिकन बास फिशिंगचे व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलेत. आणि तिघांच्याही एक्सेल शीटमध्ये (हो, एक्सेल शीट!) पहिला कॉलम एकच: 'बॉल बेअरिंग किती'.

तिघांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. थोडं कडू लागेल, पण इलाज नाही.

ज्यांना या भानगडीची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायचं जे यंत्र असतं ते रीळ. नेहमीच्या स्पिनिंग रिळात दोरीचं स्पूल जागेवर असतं आणि दोरी त्याच्यावरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये गळ फेकला की स्पूल स्वतःच गरागरा फिरतं. वेळेवर अंगठ्यानं आवरलं नाही, तर दोरीचा असा गुंता होतो की अख्खा रविवार तो सोडवण्यात जावा. पण हात बसला की जाड दोरी आणि जड आमिष हवं तिथे टाकता येतं. यातलं चपटं, तळहातात मावणारं जे मॉडेल, ते लो-प्रोफाइल.

आता आधी बासचं बघू. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. नर्मदेचा तो नव्हे, आणि कुणी हौसेनं तिथे सोडूही नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींची जी यादी आययूसीएननं केली आहे, त्यात हा मासा आहे. बाससारख्या सवयी असलेला आपला मासा म्हणजे मरळ. पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि रबरी बेडूक पृष्ठभागावरून ओढत नेला की खालून झडप घालतो. गाळ-वनस्पतीतून मरळ खेचून काढायला बेटकास्टर खरंच उत्तम. म्हणजे यंत्राशी माझं भांडण नाही. ते निवडायच्या पद्धतीशी आहे.

बेअरिंगांचा हिशेब साधा आहे. गळ फेकताना महत्त्वाची बेअरिंगं फक्त स्पूलची, आणि ती असतात दोन किंवा तीन. मग खोक्यावर दहा-बारा लिहिलेली बाकीची कुठे जातात? हँडलच्या मुठींत आणि इकडेतिकडे. त्यानं हँडल दुकानात मस्त गुळगुळीत फिरतं, विकणारा खूष, घेणाराही खूष. टिकण्याशी त्याचा संबंध जवळपास शून्य. उलट पाणी आणि रेती शिरून गंजायला तेवढ्या जागा वाढल्या! सर्व्हरच्या रॅकवर किती दिवे लुकलुकतात ते मोजून अपटाइम ठरवण्यासारखं आहे हे. ऑफिसात असं कुणी केलं तर आपणच हसू. मग स्वतःचे दहा-पंधरा हजार घालताना अक्कल कुठे जाते?

झिजतं काय ते बघा. रिळाच्या तोंडाशी दोरी डावी-उजवीकडे सारखी पसरवणारी एक आटे पाडलेली दांडी असते. तिच्यात पॉल नावाचा एक छोटासा दात सरकत असतो. आट्यांत रेती गेली की आधी तो जातो. मग ड्रॅगच्या चकत्या. मासा जोरात पळाला की दोरी तुटू न देता हळूहळू सोडायचं काम त्या करतात. ड्रॅग आवळून रीळ वर्षभर कपाटात ठेवलं तर त्या दबून बसतात. मग हँडल उलटं फिरू न देणारं एकदिशा बेअरिंग. त्यात हौसेनं ग्रीस कोंबलं की ते घसरायला लागतं. शेवटी मुख्य गिअर. पितळेचा असेल तर वर्षानुवर्षं चालतो. वजन वाचवायला ॲल्युमिनियमचा केला असेल तर दाते लवकर झिजतात. ग्राफाइटची म्हणून जी चौकट मिळते, ती गंजत नाही हे खरं, पण मोठ्या माशाच्या ओढीखाली किंचित वाकते. चौकट वाकली की गिअर एकमेकांत नीट बसत नाहीत आणि चांगले दातेसुद्धा खराब होतात. म्हणून चौकट धातूची हवी.

यातलं किती त्या एक्सेल शीटमध्ये होतं? काहीच नाही. पण गिअर रेशो मात्र दशांश चिन्हासकट.

माझ्या एका रिळाचा पॉल झिजला. भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा तुकडा असेल. दुकानदार म्हणाला, "पार्ट येत नाही साहेब, नवीन मॉडेल बघा ना." म्हणजे धातूची चौकट शाबूत, गिअर शाबूत, आणि एका दातासाठी अख्खं यंत्र भंगारात. त्या मॉडेलच्या जाहिरातीत 'ड्युरेबल' हा शब्द ठळक अक्षरात होता. माझ्या लेखी ज्याचा पॉल मिळत नाही ते रीळ टिकाऊ नाही, मग चौकट पोलादाची का असेना.

गंमत अशी की या धंद्यातली दोन मोठी नावं दुरुस्तीच्याच संस्कृतीतून आलेली आहेत. स्वीडनमधली आबू १९२१ साली सुरू झाली. घड्याळं आणि पुढे टॅक्सीचे मीटर हा तिचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून ती रिळांकडे वळली. तिचं 'अँबॅसडर' हे गोल रीळ १९५२ चं. जपानची शिमानोही १९२१ चीच, आणि तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून. घड्याळ आणि सायकल! आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात या दोन वस्तू दुरुस्त करणारा माणूस असायचा. खोलायचं, धुवायचं, झिजलेला तुकडा बदलायचा, पुन्हा लावायचं. वस्तू टिकायची ती अशी. गोल रिळं अजूनही टिकाऊ म्हणून नावाजली जातात, कारण आत जागा मोठी, गिअर मोठे आणि खोलायला सोपी. लो-प्रोफाइल हातात सुखाचं असतं, दिवसभर गळ फेकून मनगट दुखत नाही, हे मला मान्य. पण चपटं करायचं म्हणजे आत सगळं दाटीवाटीनं बसवायचं. हा सौदा आहे, आणि तो डोळे उघडे ठेवून करावा. हल्ली तर स्पूलच्या फिरण्यावरच वीज तयार करून ब्रेक लावणारी चिपवाली रिळंही मिळतात. कल्पना अफलातून आहे. पण आठवडाभर दुसऱ्यांचं फर्मवेअर डीबग करणाऱ्या माणसानं सुट्टीत पुन्हा फर्मवेअर का विकत घ्यावं, हे मला कळत नाही.

तेव्हा माझी परीक्षा सरळ आहे. मी तिला मणिबेली टेस्ट म्हणतो. नर्मदेच्या काठावर, सातपुड्याच्या डोंगरात रीळ अडलं तर तिथे सर्व्हिस सेंटरला फोन लावून उपयोग नाही. तिथे दुरुस्त करणारे तुम्हीच. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच विचारा: बाजूचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं का? एकूण किती स्क्रू, आणि किती प्रकारचे? प्रत्येक भागाचा क्रमांक दाखवणारा नकाशा खोक्यात आहे का? त्यातला पॉल, ड्रॅगच्या चकत्या आणि स्पूलची बेअरिंगं सुटी मिळतात का? ती मिळत असतील तर एक-एक जास्तीची आजच घेऊन ठेवा. मुख्य गिअर कशाचा आहे? चौकट कशाची आहे? या प्रश्नांना जो दुकानदार वैतागेल, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि टेस्टला मणिबेलीचं नाव उगाच दिलेलं नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. बाधित गावं एकंदर ३३. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या आदिवासींनी, "घर बुडालं तरी हलणार नाही" म्हणून चढत्या पाण्यासमोर सत्याग्रह केला. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज या प्रकल्पातून बाहेर पडलं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली, त्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं मणिबेलीचं. धरण मात्र झालं. २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं.

तुमच्या यंत्राच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? हे बागेतलं तळं नाही. आराखड्याप्रमाणे पाण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर, म्हणजे वर-खाली २८ मीटरचा फरक होऊ शकतो. खाली डोंगरउतार आहेत, खडक आहेत, बुडालेली शेतं आणि घरांच्या जागा आहेत. दोरी घासणार, गळ अडकणार, रेती आत जाणार. म्हणून मजबूत रीळ हवं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर.

फक्त त्या पाण्यात आणखी एक वस्तू असते. जाळी. जमीन गेल्यावर त्याच पाण्यातल्या माशांवर बाधित गावांतली माणसं पोट भरू लागली. आपल्याकडे धरणांच्या जलाशयातली मासेमारी सर्वसाधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जाते. त्यामुळे आधी स्थानिक संस्थेला आणि गावाला विचारल्याशिवाय गळ बाहेरच काढायचा नाही. 'कॅच अँड रिलीज' करतो म्हणून आपण फार सोवळे, असं समजायचं कारण नाही. माशाला पाण्यात परत सोडलं तरी तीन तोंडांचा गळ लावलेला आपला ल्यूर कुणाच्या तरी जाळ्यात अडकतोच. आणि मग आपलं ते धातूच्या चौकटीचं, पितळी गिअरचं, जाड विणीव दोरी भरलेलं रीळ काय करतं? ड्रॅग आवळून ओढतं. मासा असता तर सुटला असता, जाळं फाटतं.

टिकाऊपणा बघायचा तर त्या जाळ्याकडे बघा. फाटलं की काठावर बसून, सुई आणि दोरा घेऊन, ते वापरणारा माणूसच पुन्हा विणतो. सुटा भाग मिळत नाही असं तिथे होत नाही. पण विणण्यात त्याचा जो दिवस जातो तो कुणी भरून देत नाही. आपल्याला मात्र सोमवारी पगारी ऑफिस असतं.

म्हणून घ्या जरूर लो-प्रोफाइल. धातूची चौकट, पितळेचा गिअर, सुटे भाग मिळणारं, कमी बेअरिंगांचं आणि स्वतःला खोलता येणारं घ्या. दोरी मात्र अशी भरा की गरज पडली तर ती आधी तुटेल. जाळ्यात अडकलात तर ओढू नका. होडी तिथवर न्यायला सांगा, ल्यूर हातानं सोडवा. नाहीच सुटला तर आपली दोरी कापा, जाळं नाही. आणि ते जाळं ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा. रिळाची ताकद दाखवायची ती जागा नव्हे.